ट्रे कुठे ठेवायचा ते ससाच ठरवतो

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

ससा आणायच्या आधी जागा तयार ठेव. तारेच्या तळाचा पिंजरा घेऊ नकोस, कितीही स्वस्त मिळाला तरी. सशाच्या तळपायाला गादी नसते, नुसते केस असतात; तारेवर बसून टाचा सोलवटतात आणि जखमा चिघळतात. कुत्र्यांसाठी मिळतं ते घडीचं लोखंडी कुंपण घे, तीन फूट उंचीचं, आणि निदान सहा बाय चार फूट जागा अडव. फरशीवर तो घसरेल, म्हणून खाली सतरंजी घाल. पाणी जड वाडग्यात ठेव. वायरी मात्र त्याच्या वाटेतून आधी काढ.

आता शी-शूचं. ससा आपणहून एक कोपरा धरतो. पहिले दोन दिवस नुसतं बघ आणि त्याच कोपऱ्यात ट्रे ठेव. तुला सोयीचा कोपरा त्याला पटणार नाही. मांजराचा ट्रे लहान पडतो. दोन बाय दीड फुटांचा प्लॅस्टिकचा खोका घे, एक बाजू चार इंचांपर्यंत काप आणि कापलेली कड घासून गुळगुळीत कर. तळाला वर्तमानपत्राचे चार-पाच थर, त्यावर इंचभर कागदाच्या गोळ्या. मांजराची गोळे धरणारी वाळू अजिबात नको: ससा पाय चाटतो, ती पोटात जाऊन फुगते, आणि सशाला उलटी करता येत नाही. मग अर्ध्या ट्रेत सुक्या गवताचा चांगला ढीग घाल. खरी सवय या गवताने लागते, कारण ससा खाता खाताच लेंड्या टाकतो. गवत बाहेर ठेवलंस की लेंड्याही बाहेर.

बाहेर शू केली तर कागदाने टिपून तो कागद ट्रेत टाक आणि फरशी पांढऱ्या व्हिनेगरच्या पाण्याने पूस. वास फक्त ट्रेत राहायला हवा. ट्रे एक दिवसाआड बदल, पण चार लेंड्या मुद्दाम राहू दे. ओरडू नकोस, तो घाबरेल आणि शिकणार काहीच नाही.

चार महिन्यांनंतर तो अचानक सगळीकडे शू करायला लागला, तर तो वयात आलाय. नसबंदी करून घे. मादी असेल तर गर्भाशयाच्या कॅन्सरपासूनही ती वाचते. सशांची ऑपरेशनं नेहमी करणारे डॉक्टरच शोध. ऑपरेशनआधी सशाला उपाशी ठेवत नाहीत, हे त्यांना माहीत असायला हवं.

लेंड्या रोज बघायच्या. नेहमीच्या लेंड्या वाटाण्याएवढ्या, गोल, कोरड्या. द्राक्षाच्या घडासारख्या मऊ लेंड्या तो स्वतःच खातो. त्यात त्याचं पोषण असतं, अडवू नकोस. त्या नुसत्या पडून राहायला लागल्या तर दाणा आणि फळं कमी कर, गवत वाढव. शू कधी केशरी-लाल दिसते, ती बहुतेक पाल्याच्या रंगाने. पण दहा-बारा तासांत खाल्लं नाही, लेंडी टाकली नाही, तर सकाळची वाट बघू नकोस. आतडं थांबलं की ससा लवकर जातो.

नागपूरचा मे त्याला सोसणार नाही. पारा तिशीच्या वर गेला की त्याचे हाल सुरू होतात. दुपारी कूलर चालू ठेव, झोत थेट अंगावर नको. गोठवलेली पाण्याची बाटली नॅपकिनमध्ये गुंडाळून जवळ ठेव, कान ओल्या हाताने पूस. तोंड उघडून धापा टाकायला लागला तर लगेच डॉक्टरांकडे ने.

गवताची पिशवी किती किलोची मिळते ते कळव.

तुझी आई