मा. क्रीडामंत्र्यांना खुले पत्र : हजेरीच्या वहीबद्दल

मा. क्रीडामंत्री महोदय,

स. न. वि. वि.

गरीब वस्त्यांमधल्या मुलींसाठी खेळाची नवी योजना येते आहे, असं कानावर आलं. मसुदा मी पाहिलेला नाही. मागच्या योजना मात्र पाहिल्या आहेत, त्यामुळे अंदाज बांधता येतो. एक मोठी स्पर्धा, सगळ्यांना एकाच मापाचे ट्रॅकसूट, उद्घाटनाला तुम्ही, समारोपाला दुसरं कोणीतरी, आणि मग पुढच्या वर्षापर्यंत शांतता. तुमची सही व्हायच्या आत चार गोष्टी सांगाव्यात म्हणून हे पत्र.

अशाच एका वस्तीत मी अकरा वर्षं मुलींना फुटबॉल शिकवते आहे. दाखवायला कपाटभर चषक नाहीत. दोनच आहेत, त्यातला एक ‘फेअर प्ले’चा, म्हणजे चांगलं वागून हरलेल्यांना देतात तो. दाखवण्यासारखं काही असेल तर ती हजेरीची वही. लांबट, पुठ्ठ्याची, दोनदा पावसात भिजल्याने फुगलेली. त्या वहीत नऊ-दहा वर्षांच्या मुलींची पानं टिकमार्कांनी भरलेली दिसतात. बारा-तेराच्या सुमाराला चौकटी मोकळ्या पडू लागतात आणि चौदाव्या वर्षी नाव आहे पण रांग कोरी, असं होतं. न येण्याचं कारण मी समासात पेन्सिलीने टिपते. ‘पाणी भरायचं’, ‘धाकट्याला सांभाळायचं’, ‘आईची रात्रपाळी’, ‘काका बोलले’, ‘बूट’. एका नावापुढे नुसतं ‘मोठी झाली’ असं आहे. ते शब्द माझे नाहीत. तिची आजी दारातूनच तसं म्हणाली होती आणि मला दुसरं काही सुचलं नाही.

हे फक्त माझ्या वहीत घडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतची जगभरातली आकडेवारी तपासली, तेव्हा ११ ते १७ वयाच्या दर पाच मुलांमागे चार जण पुरेशी हालचाल करत नाहीत असं दिसलं. मुलग्यांमध्ये हे प्रमाण सुमारे ७८ टक्के, मुलींमध्ये सुमारे ८५ टक्के. व्हिएन्नासारख्या सुस्थितीतल्या शहरातही १९९० च्या दशकात उद्यानांची पाहणी झाली, तर साधारण नऊ वर्षांनंतर मुली उद्यानात येणं कमी होत होतं, मुलगे मात्र येतच राहत होते. तिथल्या नगररचनाकारांनी मुलींची आवड कमी होते असा निष्कर्ष काढून फाइल बंद केली नाही. मुली मोकळ्या मैदानाच्या जागेसाठी मुलग्यांशी झगडत बसत नाहीत, निघून जातात, हे त्यांनी ओळखलं. मग दोन उद्यानांची रचना बदलून पाहिली. जास्त वाटा केल्या, मोठ्या गवताळ पट्ट्यांचे छोटे भाग पाडले, व्हॉलीबॉल-बॅडमिंटनला जागा दिली. मुली परत आल्या.

‘मैदान सगळ्यांसाठी खुलं आहे’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता मला ते बंद दरवाजासारखं वाटतं. आमच्या मैदानावर कोणी मुलींना हाकलत नाही. संध्याकाळी साडेपाचला थोरल्या मुलग्यांची मॅच सुरू असते, ती संपत नाही, एवढंच. सहा वाजतात, सव्वासहा होतात. आम्ही कडेला वॉर्मअप करत राहतो. त्यांचा चेंडू आमच्या अंगावर ‘चुकून’ येतो, दोघी-तिघी हसण्यावारी नेतात, एक जण वेणी सारखी करत भिंतीकडे सरकते. ती दुसऱ्या दिवशी येत नाही. वहीत तिच्यापुढे मी काय लिहू? कोणी काही केलेलं नाही.

आठवड्यातून दोन संध्याकाळी मैदान मुलींसाठी राखून द्या, असा अर्ज मी एका कार्यालयात दिला. उत्तर आलं की सार्वजनिक मैदान एका गटाला देता येत नाही. बाकी पाच दिवस ते एका गटालाच दिलेलं आहे, फक्त कागदावर नाही, हे त्या टेबलामागच्या गृहस्थांना पटवायला मी कमी पडले. शेवटी वाट निघाली ती मुलग्यांच्या कप्तानाशी बोलून. त्याची बहीण माझ्याकडे यायची. मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते सात. त्याने शब्द दिला आणि पाळलाही. वहीत त्या महिन्यापासून टिकमार्क दाट होतात, कोणीही पानं उलटून पाहावं. पण मुलींचा हक्क एका मुलाच्या भलेपणावर टांगलेला असणं मला आवडत नाही. तो कामाला लागला की पुढचा कप्तान कसा निघेल कोण जाणे.

मैदान काढून घेतलं की खेळ आपोआप संपतो, हे जुन्या लोकांना नीट ठाऊक होतं. १९२० च्या डिसेंबरात इंग्लंडमध्ये कारखान्यातल्या कामगार मुलींच्या ‘डिक, केर लेडीज’ या संघाचा सामना बघायला सुमारे ५३ हजार लोक गुडिसन पार्क या मैदानावर जमले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या फुटबॉल असोसिएशनने, हा खेळ बायकांना साजेसा नाही असं म्हणत, आपल्याशी संलग्न क्लबांना त्यांची मैदानं महिलांना देण्यास मनाई केली. खेळण्यावर बंदी घातलीच नाही. फक्त मैदान द्यायचं नाही. ते पुढची पन्नास वर्षं चाललं. महिलांचं ८०० मीटर धावणंही १९२८ च्या ऑलिम्पिकनंतर बंद झालं ते १९६० मध्येच परत आलं, आणि कारण काय, तर शर्यतीनंतर काही जणी थकलेल्या दिसल्या! धावल्यावर पुरुष थकत नसावेत बहुधा.

म्हणून माझी पहिली मागणी पैशाची नाही, वेळेची आहे. सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक मैदानाच्या वेळापत्रकात मुलींचे तास लिहिलेले असावेत आणि ते फाटकावर रंगवलेले असावेत. तेही दुपारी दोनचे उन्हातले नकोत. उजेड असतो, घरातलं काम आवरलेलं असतं आणि परतताना रस्त्यावर वर्दळ असते, असे तास हवेत. स्त्रियांवरील भेदभाव संपवण्यासाठीच्या १९७९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १० व्या कलमात खेळात भाग घेण्याची समान संधी हे शब्द आहेतच. माझं म्हणणं इतकंच, की ती संधी किती वाजता, ते सांगा.

आता पैशाबद्दल. शौचालयाला आतून कडी हवी आणि नळाला पाणी हवं, यावर मी जास्त लिहीत नाही. लिहून लिहून शाई संपली. कपड्यांचं मात्र सांगते, कारण फाइलवर ते कोणी लिहीत नाही. धावताना आधार देणारी खास ब्रा जगात पहिल्यांदा १९७७ मध्ये तयार झाली, म्हणजे माणूस चंद्रावर जाऊन आल्याच्या आठ वर्षांनी. आमच्या वस्तीत ती अजून पोचायची आहे. तेरा वर्षांची मुलगी धावणं सोडते तेव्हा तिला खेळाचा कंटाळा आलेला असतोच असं नाही. तिला लोकांच्या नजरा कळू लागलेल्या असतात. ट्रॅकसूटच्या खर्चातला थोडा भाग इकडे वळवा. डोकं झाकून खेळणाऱ्या मुलीलाही खेळू द्या. जागतिक फुटबॉल महासंघाला हे नियमात बसवायला २०१४ उजाडलं, आपण निदान त्यांच्या मागे राहू नये.

सगळ्यात जास्त पैसा मात्र माणसांवर खर्च व्हावा. झारखंडमधल्या ओरमांझी भागात २००९ पासून ‘युवा’ ही संस्था गावातल्या मुलींना फुटबॉल शिकवते. २०१९ मध्ये तिला लॉरियस हा खेळातला आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते बहुतेकांना माहीत असतं. मला त्यांच्याकडून घेण्यासारखी वाटते ती गोष्ट वेगळी आहे. तिथे शिकलेल्या मुलीच पुढे धाकट्यांच्या प्रशिक्षक होतात. केनियातल्या नैरोबीच्या मथारे झोपडपट्टीत १९८७ मध्ये सुरू झालेल्या संघटनेतही मुलंच संघ चालवतात आणि वस्तीची सफाई केल्याचे गुण लीगच्या तक्त्यात धरले जातात. बाहेरून आलेला प्रशिक्षक कितीही चांगला असला तरी सात वाजता घरी जातो. वस्तीतल्या ताईला मात्र कोणाच्या घरी कोणाला समजवायचं, कोणत्या गल्लीतून मुलींना परत न्यायचं, सगळं पाठ असतं.

वहीत जिची रांग तेराव्या वर्षी कोरी झाली होती अशी एक मुलगी सतराव्या वर्षी परत आली. खेळायला नव्हे, धाकट्या बहिणीला सोडायला. तीन दिवस कडेला उभी राहिली, चौथ्या दिवशी मी तिच्या हातात शिट्टी दिली. आज वही तीच भरते, आणि समासातली कारणं माझ्यापेक्षा नेमकी लिहिते, कारण तिला ती विचारावी लागत नाहीत. तिला मी जे देऊ शकते त्याला मानधन म्हणायची लाज वाटते. अशा मुलींना प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र आणि दर महिन्याला वेळेवर पगार, एवढं तुमच्या योजनेत असलं तर बाकी अर्धी योजना त्या स्वतःच चालवतील.

आणखी एक, जरा अवघड जागेचं. मुली जिथे एकत्र जमतात आणि मोठ्या माणसांवर विश्वास ठेवतात, तिथे गैरफायदा घेणाराही येऊ शकतो. अमेरिकेतल्या जिम्नॅस्टिक्स संघाच्या डॉक्टरला २०१८ मध्ये शिक्षा झाली तेव्हा दीडशेहून जास्त जणींनी न्यायालयात आपली कहाणी मांडली. त्यांच्यातल्या काहींनी अनेक वर्षं आधीच सांगितलं होतं, ऐकलं कोणी नाही. म्हणून प्रत्येक सरावाला दोन प्रौढ हजर असावेत आणि तक्रारीचा रस्ता क्लबच्या बाहेरून जावा. माझ्याबद्दलची तक्रार माझ्याच हातात पडेल अशी सोय असेल तर ती सोय नव्हे.

मुलींचं ‘सक्षमीकरण’ हा शब्द मी या पत्रात टाळते आहे. फुटबॉलने गरिबी जात नाही. आमच्यातल्या एकीची शाळा सुटली, आम्ही ते थांबवू शकलो नाही. पण ती दोन सराव आली नाही आणि तिसऱ्या दिवशी आम्ही तिच्या दारात होतो. तिचं काही बिनसलंय हे सगळ्यांत आधी मैदानाला कळलं. एवढं तरी होतं.

आणि ओरडणं होतं. फुटबॉलमध्ये चेंडू हवा असेल तर ‘माझा!’ म्हणून ओरडावं लागतं. नवीन मुलींना ते जमत नाही. हात वर करतात, ओठ हलतात, आवाज येत नाही. पहिला महिना मी पायांपेक्षा गळ्यांवरच मेहनत घेते. मैदानाच्या दोन टोकांना दोघींना उभं करायचं आणि एकमेकींची नावं घ्यायला लावायची, ऐकू येईपर्यंत. आमच्या आताच्या गोलकीपरला यासाठी सहा आठवडे लागले. त्यानंतर तिची आई मला भेटायला आली. म्हणाली, ‘ताई, ही घरात उलट बोलायला लागली.’ मी विचारलं, काय बोलते? ‘भावाला म्हणते, तुझं ताट तू उचल.’ मी हसू दाबलं. आईनेही दाबलं असावं, कारण मुलीला पाठवणं तिने बंद केलं नाही.

राहता राहिला हिशेब. तुमच्या खात्याच्या अहवालात ‘लाभार्थी संख्या’ नावाचा रकाना असतो. एका दिवसाच्या स्पर्धेला तीनशे मुली आणल्या तर तिथे तीनशे लिहिता येतात. आमच्याकडे एक मुलगी वर्षात नव्वद वेळा आली तरी ती एकच. त्या रकान्यामुळेच स्पर्धांना पैसा मिळतो आणि मंगळवार-शुक्रवारला मिळत नाही. कृपा करून शेजारी आणखी एक रकाना काढा: गेल्या वर्षीच्या मुलींपैकी यंदा किती जणी येतात, आणि त्यांतल्या चौदा वर्षांवरच्या किती. हा आकडा सुरुवातीला वाईटच येईल. माझाही वाईट आहे. पण त्यावर अनुदान ठरलं, तर शौचालयाची कडी, मैदानाचे तास आणि ताईचा पगार यांची आठवण कोणाला करून द्यावी लागणार नाही.

मंगळवारी किंवा शुक्रवारी साडेपाचला कधीही या. कळवून येऊ नका, नाहीतर आदल्या दिवशी कोणीतरी गवत कापून मंडप घालेल आणि आमचा सराव बुडेल. तुमच्यासाठी खेळ थांबणार नाही, त्याचा राग मानू नका. वही गोलपोस्टच्या मागे पिशवीत असते. टिकमार्क पाहिले नाहीत तरी चालेल, समास वाचा. आणि जमलं तर चेंडूत हवा भरायचा एक पंप घेऊन या. आमच्या पंपाचं वॉशर गेलंय, आणि सध्या दोन सरावांमध्ये हवा टिकत नाही.

आपली नम्र,
मुलींच्या संघाची ताई