बदकांच्या पिल्लांसाठी यंत्र कशाला? खुडूक कोंबडी आहे ना!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर घरगुती बदकपालनावर लेख आला होता. खाद्य, निवारा, लस यांची माहिती नीट दिली होती. पिल्ले कशी काढायची, हा प्रश्न मात्र लेखकांनी ‘छोटे उबवणी यंत्र घ्यावे’ एवढ्या एका वाक्यात उरकला. ज्यांच्या दारात चार माद्या आणि एक नर, त्यांनी यंत्र घेऊन करायचे काय? त्यात आमच्याकडे मिरगाचा पहिला वारा सुटला की वाडीतली वीज जाते, ती परत कधी येईल ते वायरमनलाही ठाऊक नसते. बदकाच्या अंड्याला साधारण साडेसदतीस अंशांची ऊब 28 दिवस लागते. ती खुडूक, म्हणजे अंडी द्यायची थांबून उबवायला बसलेल्या, कोंबडीच्या पोटाखाली फुकट मिळते.

बदकीण स्वतः का बसत नाही, असे नवीन लोक विचारतात. आपल्याकडे जास्त करून खाकी कॅम्पबेल बदके पाळतात. इंग्लंडमधल्या कॅम्पबेल नावाच्या बाईंनी 1900 च्या सुमारास रनर आणि रुआं या बदकांच्या जाती आणि रानबदक यांच्या संकरातून ही जात काढली, ती अंड्यांसाठी. अंडी ती भरपूर देते, पण कुठेही टाकते आणि मागे वळून बघत नाही. तोंडावर लाल मस असलेले मस्कव्ही बदक मात्र स्वतः बसते. त्याच्या अंड्यांना 35 दिवस लागतात, म्हणून ती मी कोंबडीखाली घालत नाही. तेवढे दिवस बसवून कोंबडीचे हाल कशाला करायचे? बाकी बदकांची अंडी कोंबडीखाली घालणे ही काही माझी युक्ती नव्हे. बंगालात आणि केरळच्या कुट्टनाडात ही रीत जुनी आहे. आमच्या घरी ती सासूबाईंनी चालवली, आता मी चालवते.

कोंबडी गावठीच हवी आणि नुकतीच खुडूक झालेली हवी. पंधरा दिवस रिकाम्या टोपल्यात बसून सुकलेली कोंबडी पुढचे 28 दिवस काढत नाही. तिला आधी दोन साध्या अंड्यांवर बसवून बघावे. हात घातल्यावर चोच मारली, पिसे फुलवली आणि तरी जागा सोडली नाही, तर ती पक्की. मग रात्री काळोखात अंडी बदलावी. स्वतःची दहा-बारा अंडी झाकणारी कोंबडी बदकाची सात-आठच झाकते, कारण ती जड आणि मोठी असतात. अंडी आठवड्याच्या आतली असावीत आणि धुतलेली नसावीत. बसवण्याआधी तिच्या अंगावरच्या उवांचा बंदोबस्त करावा, नाहीतर ती मध्येच उठते. सासूबाई टोपलीत लोखंडी खिळाही ठेवायच्या, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून. मीही ठेवते. खिळ्याने बिघडत काहीच नाही.

कोंबडीची अंडी बदकाच्या अंड्यांबरोबर एकाच दिवशी ठेवू नयेत. कोंबडीची पिल्ले 21 व्या दिवशी बाहेर पडतात, आई त्यांना घेऊन अंगणात जाते आणि बदकाची अंडी आठवडाभर आधीच थंड पडतात. एकत्र ठेवायचीच असली तर कोंबडीची अंडी सात दिवस उशिरा घालावीत.

दुसरी गोष्ट ओलाव्याची. बदकीण पाण्यात डुंबून ओल्या अंगाने अंड्यांवर येऊन बसते. कोंबडी आंघोळ करते ती धुळीत. म्हणून ओलावा आपल्याला द्यावा लागतो. कोंबडी दाणे टिपायला उठली की कोमट पाण्याचा हलका शिडकावा करावा, शेवटच्या आठवड्यात तर रोज. त्याच वेळी अंडी हाताने फिरवावीत. जड अंडे तिच्याकडून नीट फिरत नाही. मी कोळशाने एका बाजूला फुली मारते, म्हणजे कुठले राहिले ते कळते. आठव्या दिवशी काळोखात बॅटरीच्या उजेडापुढे धरावे. आत लाल शिरा दिसल्या तर ठीक, नितळ दिसले तर काढून टाकावे. पिल्लू कवचाला भोक पाडल्यावरही कधी कधी दीड-दोन दिवस आत राहते. शेजारच्या पोरांना कवच सोलायची घाई असते. त्यांना पडवीतून हाकलावे, कारण आतल्या शिरा सुकायच्या आत सोलले की रक्त येऊन पिल्लू मरते.

पुढचे प्रकरण पाण्याचे. बदकाचे पिल्लू जन्मजात पोहते, हे खरे. पण बदकीण पिल्लांना पोटाखाली घेते तेव्हा तिच्या पिसांवरचे तेल त्यांच्या लवीला लागते. कोंबडीखाली निघालेल्या या सावत्र पिल्लांना ते मिळत नाही. ती लवकर भिजतात आणि गारठून मरतात. तीन-चार आठवडे त्यांना व्हाळापासून, म्हणजे ओढ्यापासून, लांबच ठेवावे. प्यायचे पाणी मात्र नाकपुड्या बुडतील इतके खोल हवे, नाहीतर चिखल आणि कोंडा नाकात बसतो. उथळ पसरट भांड्यात मधोमध दगड ठेवला की चोच बुडते, अंग बुडत नाही. आणखी एक, बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाण्याची पेंड चुकूनही घालू नये. त्या विषाला बदके कोंबड्यांपेक्षा फार लवकर बळी पडतात.

पिल्ले व्हाळात उतरली की काठावर कोंबडी कशी आकांत करते, हे लोक हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखे काही वाटत नाही. पण चारेक दिवसांनी ती काठावर किडे शोधत बसते, एवढे खरे.

माझी तक्रार दुसरीच आहे. अलीकडे गावात वाटल्या जाणाऱ्या सुधारित कोंबड्या अंडी चांगली देतात, पण खुडूक सहसा होत नाहीत. तो गुण वाढवणाऱ्यांनी मुद्दामच काढून टाकलेला असतो, कारण खुडूक कोंबडी अंडी देत नाही. गावठी कोंबड्या विकून सगळ्यांनी त्याच घेतल्या, तर उद्या वाडीत अंड्यांवर बसायला एक कोंबडी उरणार नाही आणि मग यंत्रच घ्यावे लागेल. कुक्कुटपालन शिबिरात प्रत्येक घरी दोन तरी गावठी कोंबड्या राखा, असे सांगायला काय हरकत आहे?

आणि आपल्या पानावर मध्यंतरी खुडूक कोंबडीला गार पाण्यात बुडवून उठवण्याचा उपाय छापला होता, तो पुन्हा छापू नये ही विनंती. नको असेल तर ती कोंबडी हवी का, असे शेजारी बदके पाळणाऱ्या घरी विचारून बघावे. आमच्याकडे तरी नक्की घेतील.

आपली,
एक वाचक, कुडाळ तालुका, जि. सिंधुदुर्ग