काळ्या बायकांच्या कागदांशी आपल्या राज्याचा संबंध काय? मंत्रिमहोदयांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्रिमहोदय,
महाराष्ट्र शासन, मंत्रालय, मुंबई

विषय : परदेशी शिष्यवृत्तीचा थांबवलेला हप्ता आणि आपल्या कार्यालयाने विचारलेली 'उपयुक्तता'

महोदय,

सविनय जयभीम.

आपलं खातं कोणतं हे मी इथे लिहीत नाही. खात्याचं नाव चारचौघांत घेतलं की फाईल गठ्ठ्याच्या तळाशी जाते, असं आमच्यातली जुनी मुलं सांगतात. आपण स्वतः वाचत असाल तर आपल्याला कळेलच. स्वीय सहायक वाचत असतील तर त्यांना आधीपासून माहीत आहे.

गेल्या आठवड्यात आपल्या कार्यालयातून ईमेल आली. तिचा मथितार्थ असा, की सदर विद्यार्थिनीचा संशोधनविषय अमेरिकेतील कृष्णवर्णीय महिलांच्या एका संघटनेच्या इतिहासाशी संबंधित असून राज्याच्या दृष्टीने त्याची उपयुक्तता स्पष्ट होत नाही. सबब खुलासा सादर करावा, तोवर पुढील हप्ता वितरित करता येणार नाही.

महोदय, हा विषय, म्हणजे नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन ही संघटना आणि तिने जपलेले कागद, मी अर्जाच्या पहिल्याच पानावर लिहिला होता. निवड समितीने मुलाखतीत त्यावरच प्रश्न विचारले होते. त्यानंतर आपण स्वतः मला मंचावर बोलावून शाल दिलीत आणि माईकवरून म्हणालात, की पैशावाचून आपल्या एकाही लेकीचं शिक्षण अडणार नाही. टाळ्या पडल्या. तो व्हिडिओ आपल्या पेजवर अजून आहे आणि त्यात माझी आई पदराने डोळे पुसताना दिसते. अंगणवाडीत मदतनीस आहे ती. तिचं मानधन किती आणि किती महिन्यांनी येतं, हे आपल्याला मी सांगायला नको.

खुलासा मागितलात, तर देते.

१८९५ मध्ये मिसुरी राज्यातल्या पत्रकार संघाचा अध्यक्ष जेम्स जॅक्स याने इंग्लंडमधल्या फ्लॉरेन्स बालगार्नी यांना एक पत्र लिहिलं. अमेरिकेत काळ्या माणसांना झुंडी ठार मारत होत्या, त्याविरुद्ध या बाई तिकडे आवाज उठवत होत्या. जॅक्सने उत्तरादाखल काळ्या बायकांची अब्रूच काढली. सगळ्या चोरट्या, खोटारड्या, वेश्या, असा त्याचा सूर होता. बालगार्नींनी ते पत्र बॉस्टनच्या काळ्या कार्यकर्त्या जोसेफिन सेंट पिअर रफिन यांच्याकडे धाडलं. रफिनबाईंनी ते छापलं नाही, जागोजागच्या महिला मंडळांना त्याच्या प्रती पाठवल्या आणि विचारलं, आता काय करायचं? जुलै १८९५ मध्ये बॉस्टनला परिषद भरली. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनमध्ये दोन संघटना एक होऊन नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन उभी राहिली. मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्ष. चढता चढता इतरांना वर घ्यायचं, हे त्यांचं ब्रीद. एका माणसाच्या घाणेरड्या पत्रातून देशभरची संघटना निघाली. आपल्या कार्यालयाच्या पत्रातून सध्या हे खुलं पत्र एवढंच निघतंय.

याच संघटनेच्या १९२४ ते १९२८ या काळात अध्यक्ष होत्या मेरी मॅकलिओड बेथ्यून. जन्म १८७५, साउथ कॅरोलिना. आईबाप गुलामीतून सुटलेले, सतरा भावंडं, कापसाचं शेत. १९०४ मध्ये फ्लोरिडातल्या डेटोनाला त्यांनी शाळा काढली, तेव्हा हातात दीड डॉलर आणि समोर पाच मुली होत्या. रताळ्याचं गोड सारण भरलेले 'पाय' (pie) भाजून विकायचे आणि त्यावर शाळा चालवायची. त्यांना कुणी उपयुक्तता विचारली नसेल असं नाही. पण ती विचारणाऱ्याच्या हातात त्यांचा हप्ता नव्हता, हे त्यांचं नशीब.

५ डिसेंबर १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्ये बेथ्यूनबाईंनी नॅशनल कौन्सिल ऑफ निग्रो विमेन स्थापन केली. माझा विषय तो हा. मंडळं पुष्कळ होती, पण राजधानीत सगळ्यांच्या वतीने एका आवाजात बोलणारं कुणी नव्हतं. पुढच्याच वर्षी रूझवेल्ट सरकारच्या तरुणांसाठीच्या खात्यात बेथ्यूनबाई काळ्या तरुणांचं काम पाहू लागल्या. सरकारात बसायचं आणि बाहेरून सरकारला धारेवरही धरायचं, हे दोन्ही त्यांनी केलं. १९३८ मध्ये कौन्सिलच्या बायकांची परिषद थेट व्हाइट हाउसमध्ये भरली आणि सरकारी खात्यांत काळ्या बायकामुलांच्या वाट्याला काय येतं, याचा जाब तिथे मांडला गेला. आमच्या बायका मंत्रालयाच्या दारात पाससाठी रांग लावतात, तेव्हा ही गोष्ट मला फार आठवते.

१९४३ मध्ये कौन्सिलने वॉशिंग्टनच्या व्हरमाँट अव्हेन्यूवर १३१८ क्रमांकाचं घर साडेपंधरा हजार डॉलरला विकत घेतलं. आणि आता नीट वाचा, कारण माझा खुलासा इथे आहे. या बायका पहिल्यापासून कागद जपत होत्या. पत्रं, इतिवृत्तं, वर्गणीचे हिशेब, फोटो. आपला इतिहास दुसरं कुणी ठेवणार नाही हे ओळखून त्यांनी १९३९-४० च्या सुमारास त्यासाठी समिती नेमली. त्या कामात सू बेली थर्मन होत्या, कौन्सिलच्या नियतकालिकाच्या पहिल्या संपादक. या बाई १९३६ मध्ये भारतात येऊन, बारडोलीला गांधीजींना भेटून गेल्या होत्या. संबंध विचारलात ना? १९६६ मध्ये घराला आग लागली, कौन्सिलला जागा सोडावी लागली, तरी कागदांचा पिच्छा सोडला नाही. १९७९ मध्ये त्याच घरात संग्रहालय आणि मागच्या बग्गीखान्यात काळ्या स्त्रियांच्या इतिहासाचं राष्ट्रीय अभिलेखागार उघडलं. १९८२ मध्ये घर राष्ट्रीय स्थळ ठरलं, १९९४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान सेवेकडे गेलं. कागदांना तिथली जागा धड नव्हती, म्हणून २०१४ मध्ये ते मेरीलँडमधल्या लँडोव्हरला हलवले. बायकांचे कागद बायकांच्या घरातून गेले म्हणून लोक तेव्हा नाराज झाले. मला ती नाराजी पटते. पण निदान भांडायला कागद तरी होते.

आपल्याकडे काय आहे? २० जुलै १९४२ ला नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद झाली. अध्यक्ष सुलोचनाबाई डोंगरे. वीस-पंचवीस हजार बायका जमल्या, असं खुद्द बाबासाहेब तिथल्या भाषणात म्हणाले. त्यांनी ठराव केले, घटस्फोटाचा हक्क मागितला, एकाहून अधिक बायका करण्याविरुद्ध कायदा मागितला. १९४२ मध्ये! त्या बायकांची पत्रं कुठे आहेत? वर्गणीच्या वह्या कुठे आहेत? लेखिका उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी पायपीट करून म्हाताऱ्या कार्यकर्त्यांना बोलतं केलं, म्हणून थोडंफार हाती लागलं. बाकीचं रद्दीत गेलं किंवा वाळवीने खाल्लं. पेशव्यांच्या रुमालांना, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांना, मात्र पुण्यात आख्खी इमारत आहे. ते कागद जपू नयेत असं मी म्हणत नाही. पण सरकारला कागद जपता येतात हे त्यावरून सिद्ध होतं. कुणाचे जपायचे, एवढाच प्रश्न आहे.

मी इथे आले ती हे शिकायला, की पैसा नसताना, सत्ता नसताना बायकांनी आपलं दप्तर, म्हणजे अभिलेखागार, कसं उभं केलं. परत येऊन आपल्याकडे तसं काही करायचं म्हणून. ही झाली राज्याच्या दृष्टीने उपयुक्तता. रकाना भरून घ्यावा.

आता थोडं माझं. फी थकल्यामुळे विद्यापीठाने माझं खातं रोखलंय. पुढच्या सत्राची नोंदणी झाली नाही तर व्हिसाचा दर्जा जातो आणि परत निघावं लागतं. अभिलेखागारात आधी वेळ घ्यावी लागते, आणि हातात आलेली वेळ मला रद्द करावी लागली, कारण भाडं देऊ की बसचा पास काढू हा प्रश्न होता. विद्यापीठात गरजू मुलांसाठी फुकट शिध्याची खोली आहे. महाराष्ट्र शासनाची सन्माननीय स्कॉलर तिथून चवळीचे डबे आणते. बाहेर नोकरी करायला व्हिसाची परवानगी नाही. वडिलांनी पतसंस्थेतून उचल घेतली. तिचे जामीनदार माझे मामा आहेत, आणि मामी आता आईशी बोलत नाही. पूर्वी गावात मी 'अमेरिकेची पोर' होते, आता 'पैसे बुडवणारी' आहे. आणि तुमचा कक्ष अधिकारी फोनवर विचारतो, "मॅडम, दुसरा एखादा सोपा विषय नव्हता का?"

नव्हता. कोणता घ्यायचा? आपल्याच समाजाचा घ्यावा म्हटलं, तर २०२२ मध्ये केंद्राच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीच्या नियमांतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि समाजाचा अभ्यास हे विषयच वगळले. भारताचा अभ्यास परदेशात चालत नाही, परदेशाचा अभ्यास राज्याला उपयोगाचा नाही. दलिताच्या पोरीने शिकायचं तरी काय? डेटा सायन्स? त्यातून कुणाला प्रश्न विचारावेसे वाटत नाहीत म्हणून?

तुमचं भाषण ज्यांच्या नावाशिवाय सुरू होत नाही, त्या जोतिरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामीविरुद्ध लढलेल्या लोकांना. त्यांच्याकडून खुलासा मागवा. सयाजीरावांनी १९१३ मध्ये बाबासाहेबांना दरमहा साडेअकरा पौंड देऊन कोलंबियाला धाडलं. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. १९४६ मध्ये त्यांनी अमेरिकेतले काळे विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्या लोकांचा संयुक्त राष्ट्रांकडचा अर्ज मागवला, कारण अस्पृश्यांसाठी तसंच काही करायचं मनात होतं. आणि कोलंबियाशी जोडलेल्या बर्नार्ड कॉलेजात १९२९ मध्ये डोरोथी हाइट नावाच्या मुलीला प्रवेश मिळूनही परत पाठवलं, कारण वर्षाला दोनच काळ्या मुली घ्यायच्या आणि त्या दोन भरल्या होत्या. हीच मुलगी पुढे १९५७ पासून चाळीस वर्षं कौन्सिलची अध्यक्ष होती. मधे १९५२ मध्ये दिल्ली विद्यापीठाच्या समाजकार्य विभागात शिकवून गेली. अजून संबंध हवा का?

हाइटबाईंचं आणखी एक सांगते, कारण ते फक्त सरकारबद्दल नाही. काळ्या लोकांच्या नागरी हक्कांसाठी निघालेल्या २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्च्यात त्या मंचावर होत्या, मार्टिन ल्युथर किंग यांच्या जवळच. मोर्चा उभारणाऱ्या संघटनांच्या प्रमुखांत त्यांचा वावर होता, पण भाषण करू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी बायकांची स्वतंत्र बैठक घेतली : मोर्चा झाला, पुढे काय? आमच्या चळवळीतल्या दादांनी हा भाग दोनदा वाचावा. जयंतीच्या मंचावर बाईला दीपप्रज्वलनापुरतं बोलावण्यात तुम्ही सगळे पक्ष एक आहात.

मग मिसिसिपी. तिथल्या नागरी हक्क कार्यकर्त्या फॅनी लू हेमर यांच्या सोबतीने कौन्सिलने तिथे डुकरांची बँक काढली. सुरुवातीला पन्नासेक डुकरं. गरीब कुटुंबाला मादी द्यायची, पिल्लं झाली की त्यातली काही बँकेला परत, ती पुढच्या घराला. कर्ज नाही, जामीनदार नाही, उत्पन्नाचा दाखला नाही. तुमच्या शेळीवाटप योजनांच्या फाईली एकदा यांच्या शेजारी ठेवून बघा. १९७४ मध्ये याच बायकांनी पैसे जमवून वॉशिंग्टनच्या लिंकन पार्कात बेथ्यूनबाईंचा पुतळा बसवला, आणि १९९५ मध्ये पेनसिल्व्हेनिया अव्हेन्यूवर, संसद आणि व्हाइट हाउसच्या मधल्या रस्त्यावर, स्वतःच्या मालकीची इमारत घेतली.

इकडे आमच्या शिष्यवृत्तीधारकांच्या ग्रुपवर दीडेकशे मुलं आहेत. कुणी म्हणतं निम्म्यांचा हप्ता अडकलाय, कुणी म्हणतं सत्तर टक्क्यांचा. खरा आकडा तुमच्याकडे असेल, तो तुम्ही जाहीर करा. पैसे नाहीत असं सांगू नका. २०२५ मध्ये सामाजिक न्यायाचे ४१० की किती कोटी दुसऱ्या योजनेकडे वळवल्याच्या बातम्या आम्ही इथे बसूनही वाचल्या. ज्या बहिणींच्या खात्यात पंधराशे टाकले त्यांच्याशी माझं भांडण नाही, माझी आईही त्यांच्यातच आहे. पण एका बाईच्या हातातलं काढून दुसरीच्या हातात ठेवायचं आणि दोघींकडून ओवाळून घ्यायचं, हा कारभार दरवेळी आमच्याच बजेटातून का होतो? रस्त्याच्या कंत्राटदाराला कुणी उपयुक्ततेचा खुलासा मागितल्याचं ऐकलंय का?

मागणं मोठं नाही. थांबवलेला हप्ता सोडा. निवड समितीने एकदा मान्य केलेला विषय नंतर कुणा कार्यासनाला आवडला नाही म्हणून पैसे अडवता येणार नाहीत, असं शासन निर्णयात लिहा. हप्ता कोणत्या तारखेला जमा होईल ते लेखी कळवा. फोनवर "साहेब दौऱ्यावर आहेत" आता नको. दप्तराचं मी परत आल्यावर बोलू. तेव्हा मंत्री तुम्ही असाल किंवा दुसरं कुणी असेल.

आपल्या राज्याची,
एक संशोधक विद्यार्थिनी
मेरीलँड, अमेरिका

सोबत : उत्पन्नाचा दाखला, हमीपत्र, प्रवेशपत्र आणि विद्यापीठाची थकबाकीची नोटीस. पहिली तीन कागदपत्रं आपल्याकडे आधीच दिलेली आहेत. हरवली असतील तर तसंही लेखी कळवावं.