देवळीतल्या गोळ्या

पुणे

तीर्थरूप बाबा आणि आई,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोन स्पीकरवर असला की तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळून बोलता, म्हणून पत्र.

आई, गणपतीत वाती शोधायला देवळीतला डबा उघडला, तर आत लेट्रोझोलच्या, म्हणजे तुझ्या कॅन्सरच्या गोळ्यांच्या पट्ट्या. जूनअखेर 90 गोळ्या ठेवून गेलो होतो. 12 उरायला हव्या होत्या, निघाल्या 37. घरात पाहुणे होते, गप्प बसलो. रागावलो नाही गं. मोदकाला कळ्या पाडताना तुझी बोटं मिटत नव्हती. दोन मोदक झाले की उठून चुलीपाशी हात शेकत होतीस. गोळ्या का सोडल्यास ते तिथेच कळलं.

बाबा, तुम्ही म्हणालात, "ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता कशाला?" आईची स्तनातली गाठ इस्ट्रोजेनवर, म्हणजे बायकांच्या अंगातल्या हार्मोनवर पोसणारी होती. पाळी जाऊन वर्षं झाली तरी अंगातली चरबी थोडं थोडं इस्ट्रोजेन बनवतच राहते. वाडीतलं तण उपटलं तरी एखादं मूळ राहिलेलं असू शकतं, म्हणून तुम्ही तिकडे जाणारा पाटच बुजवता ना? रोजची 2.5 मिलिग्रॅमची गोळी तेच करते. तिला 5 वर्षं सांगितली आहेत, झालेत 14 महिने.

आणि सकाळी हात आखडले की "वयाचं आहे" म्हणू नका. या गोळीने सांधे धरतात, हे डॉक्टरांना नवीन नाही. सांगितलं तर ते थोडे दिवस थांबवून अ‍ॅनास्ट्रोझोल किंवा एक्झेमेस्टेन देऊन बघतात. एक सोसली नाही म्हणून दुसरीही सोसणार नाही असं नसतं. चालण्याने आखडणं कमी होतं. ओहोटीला पुळण घट्ट असते, तेव्हा दोघं जा. एकटी ती जाणार नाही, मला माहीत आहे.

रात्री तिच्या अंगातून वाफा निघतात आणि तुम्ही पंखा एकवर आणता! तुम्ही गोधडी घ्या, पंखा तिचा. शेजारच्या काकूंचं शतावरीचं चूर्ण डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. आई, आणखी काही त्रास असेल, मला सांगायला संकोच वाटणारा, तर सुनेशी बोल.

या गोळीने हाडंही ठिसूळ होतात. म्हणून कॅल्शियम, डी जीवनसत्त्व, नाचणीची भाकरी आणि हाडांची डेक्सा तपासणी. पण मला खरी भीती आपल्या पाखाडीची वाटते. चिऱ्यांवर अजून शेवाळ असेल. बाबा, गड्याला सांगून ते खरवडून घ्या, आणि विहिरीकडच्या पायऱ्यांना धरायला बांबू बांधा.

पुढच्या शनिवारी येतो. सोमवारी तिघं मिळून डॉक्टरांकडे जाऊ, फाईल काढून ठेवा.

तोवर आई, कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितेस त्याच चौकटीत गोळी घेतली की टिंब कर. नाही घेतलीस तर चौकट कोरी ठेव, चालेल. खोटं टिंब मात्र नको, मी पुन्हा मोजणार आहे.

तुमचा,
बाळू