वेडाची गाणी आणि मनोरुग्णांची थट्टा

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीतील वेडाच्या गाण्यांवरचा लेख वाचला. लेखकांचा व्यासंग मोठा आहे, हे मान्य करूनच लिहितो की, प्रेमात वेडे झाल्याची गाणी, खरोखर आजारी पडलेल्या माणसाविषयीची गाणी आणि अशा माणसाला हसणारी गाणी या तिन्हींना 'धमाल' म्हणून एकाच माळेत ओवणे मला अत्यंत खटकले.

२०१६ मध्ये घराघरांत पोहोचलेल्या 'याड लागलं'मधला 'सैराट'चा परश्या स्वतःच्याच जिवाची अवस्था सांगतो, त्यात कोणाचा अपमान नाही. अमेरिकी गायक विली नेल्सन यांनी लिहिलेले आणि गायिका पॅट्सी क्लाइन यांनी १९६१ मध्ये गायिलेले 'क्रेझी'ही त्याच जातीचे. पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचे १९७५ चे 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड' मात्र सिड बॅरेट या मानसिकदृष्ट्या कोलमडलेल्या संस्थापक सहकाऱ्यासाठी आहे. त्या ध्वनिमुद्रणाच्या काळात, सुटलेल्या अंगाचा आणि भुवया भादरलेला सिड स्टुडिओत येऊन बसला, तेव्हा जुन्या मित्रांनाच तो बराच वेळ ओळखू आला नव्हता. या गाण्याशेजारी आपण 'नेपोलियन फोर्टीन्थ' असे टोपणनाव घेतलेल्या अमेरिकी गायकाचे १९६६ चे गाणे ठेवता, ज्यात वेड्यांच्या इस्पितळात नेल्या जाणाऱ्या माणसाच्या किंचाळण्यावर लोकांनी हसायचे आहे! मनोरुग्णांची टिंगल होते अशा तक्रारी आल्यावर अमेरिकेतील काही रेडिओ केंद्रांनी ते लावणे थांबवले होते. लेखात त्याचा उल्लेखही नाही.

माझा धाकटा भाऊ स्किझोफ्रेनियाचा रुग्ण आहे. नियमित औषधांमुळे आज तो घरचा बाजारहाट स्वतः करतो. बोटे किंचित थरथरतात, एवढेच काय ते परक्या माणसाच्या लक्षात यावे. गेल्या लग्नसराईत पंचवटीतील आमच्या गल्लीत हळद होती. दूध घेऊन परतणाऱ्या भावाला नाचणाऱ्या पोरांनी मध्ये ओढले, डीजेवाल्याला असलेच एक गाणे लावायला सांगितले आणि गाण्यात 'वेडा' आले की सर्वांनी त्याच्याकडे बोट करायचे, असा खेळ मांडला. एकाने त्याच्या बोटांच्या थरथरीची नक्कल केली, दुसऱ्याने मोबाइलवर चित्रीकरण केले. रात्रीपर्यंत ते गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागली. त्यांत रोज आमच्या ओट्यावर बसणारी माणसेही होती. भाऊ घरी येऊन काही बोलला नाही. पिशवी फुटून पँटवर सांडलेले दूध त्याने मोरीत उभे राहून धुतले आणि तेव्हापासून दुधाला जाणे बंद केले. मी जाब विचारला, तर नवरदेवाचा भाऊ म्हणाला, "अहो काका, गाणंच आहे, एवढं काय मनावर घेता?"

मनोरुग्णाला सन्मानाने जगण्याचा हक्क मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने दिला आहे. तो त्या पोरांना ठाऊक नसेल, पण वर्तमानपत्राला ठाऊक असलाच पाहिजे. गाण्यांवर बंदी घाला, असे माझे म्हणणे नाही. कोणते गाणे कोणाच्या जिवावर हसवते, हे लिहिणाऱ्याने वाचकाला सांगावे, एवढीच अपेक्षा आहे.

आणि विषय निघालाच आहे म्हणून लिहितो: त्याच दिवशीच्या मुख्य अंकात, रस्त्यात दगड मारणाऱ्या एका मनोरुग्णाला लोकांनी विजेच्या खांबाला बांधल्याचे छायाचित्र आपण छापले आहे. बांधणाऱ्यांच्या पाठी दिसतात आणि त्याचा चेहरा मात्र स्पष्ट दिसतो. त्याचीही आई, बहीण आपलाच अंक वाचत असेल. यापुढे असे चेहरे झाकूनच छापावेत आणि येत्या रविवारी पुरवणीत त्या लेखाच्याच जागी 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक ठळक छापावा. तेथे दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतूनही बोलता येते.

आपला,
एक नियमित वाचक,
पंचवटी, नाशिक