पवनचक्कीचे पाते, थरथर आणि खारी हवा

महोदय,

गोव्याच्या किनाऱ्यावर पवनचक्की उभारायची तर वाऱ्याच्या वेगाइतकाच पात्यांच्या थरथरीचा विचार हवा. मिनिटाला 15 फेरे घेणारे पाते दर 4 सेकंदांनी वरच्या जोरकस वाऱ्यातून आणि खांबासमोरून जाते. प्रत्येक वेळी ते वाकते आणि मुळाशी थकवा साचतो. सबंध पाते स्वतःच्याच अक्षाभोवती वळवून भार घटवता येतो, पण ते कित्येक टनांचे, बेअरिंग झिजते. त्यापेक्षा टोकाकडच्या तिसऱ्या हिश्श्यात, मागच्या कडेला वर-खाली हलणाऱ्या लहान झडपा किंवा हवेचे बारीक झोत बरे. तिथे पात्याचा वेग जास्त, म्हणून थोडी हालचालही पुरते. मात्र पात्यावरचा ताण मोजणाऱ्या ताणमापकाचा संदेश येऊन झडप उशिरा हलली तर थरथर उलट वाढते.

आपल्याकडे खरी काळजी मिठाची. झोतांची छिद्रे बुजतात, बिजागऱ्या गंजतात. शिवाय जूनच्या आधीचा गडगडाट! झडपांसाठी टोकापर्यंत तांब्याच्या तारा नेल्यास त्या कोसळणाऱ्या विजेला वाट देतात. म्हणून संदेश प्रकाशतंतूतून न्यावा, झडप हवेच्या दाबाने हलवावी. निविदेत मीठफवाऱ्याची चाचणी आणि बिघाड झाल्यास झडप मधल्या स्थितीत परतण्याची अट घालावीच.

— एक अभियंता, वास्को