सिस्टरबाईंना, तानपुऱ्याच्या जवारीबद्दल

आदरणीय सिस्टरबाई यांस,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आभाराचा विषय निघाला की "आधी चहा ठेवा" म्हणून आपण तो उडवून लावता, हे ठाऊक असल्यामुळे हे पत्र आपल्या हाती न देता सर्वांसमोर लिहीत आहे. त्याला आणखी एक कारण आहे. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असले की शेजारीपाजारी मनापासून "काही लागले तर सांगा" म्हणतात. पण नेमके काय मागावे हे आपल्यालाच सुचत नाही. आपण ते न विचारता ओळखले. कसे ओळखले, हे इतर घरांनाही कळावे असे मला वाटते.

सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा उपचारांसाठी लांब जावे लागले नाही, कारण दवाखान्यांचे गाव असलेले मिरज आपल्या सांगलीला लागूनच आहे. खरी अडचण त्यांना घरी आणल्यावर सुरू झाली. पाणी पाजले की त्यांना ठसका लागत असे. गिळण्याचे स्नायू दुबळे झाले की पातळ पदार्थ घशात आवरत नाही आणि श्वासनलिकेत उतरू शकतो, म्हणून डॉक्टरांना विचारून पाणीसुद्धा दाटसर करून द्यावे, हे आपण सांगितले. भरवताना पाठीशी उशा लावून ताठ बसवायचे, हनुवटी किंचित खाली घ्यायची, घास चांगल्या बाजूच्या गालात ठेवायचा आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही, हे आपण नुसते सांगितले नाही, तर शेजारी उभे राहून माझ्याकडून करून घेतले. दर दोन तासांनी कूस बदलण्याचा तक्ता आपण जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आखून दिला. तो आजही पलंगाशेजारी आहे. टाचा, माकडहाड आणि खांदे रोज उजेडात पाहण्याच्या आपल्या शिस्तीमुळे सासूबाईंच्या अंगावर अद्याप एकही जखम झालेली नाही.

तरीही हे पत्र मुख्यतः गेल्या ५ नोव्हेंबरविषयी आहे. तो दिवस सांगलीत रंगभूमी दिन म्हणून साजरा होतो, कारण १८४३ साली विष्णुदास भावे यांनी येथेच मराठी नाटकाचा आरंभ केला. आमच्या घरी मात्र त्या दिवशी वेगळेच नाट्य होते. सकाळी व्यायाम करवून घेणारे फिजिओथेरपिस्ट येणार होते, दळण आणायचे होते, औषधे संपत आली होती आणि सासूबाईंच्या कुटुंब निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा होता. त्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. आपण मोबाइलवर चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आहे असे सांगून पलंग खिडकीकडे वळवला आणि पडद्यावर डोळ्यांची उघडझाप करा अशी सूचना आली तेव्हा सासूबाईंना त्यांच्या माहेरच्या नावाने हाक मारली. त्या इतक्या चकित होऊन आपल्याकडे पाहू लागल्या की काम तिथेच झाले. दळण आणि औषधे कशी आली, हे सांगण्यासारखे नाही, आली.

मग आपण कोपऱ्यातल्या गवसणीकडे बोट दाखवून विचारलेत, "हा असा किती दिवस उभा राहणार?" माझा तानपुरा काळी चार पट्टीचा आहे, आणि त्याची जवारी, म्हणजे नाद घुमवणारी घोडीच्या पृष्ठभागाची घडण, बसून गेली होती. तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर घर्षणाने बारीक चरे पडतात, मग तार नीट थरथरत नाही आणि स्वराभोवती घुमणारा नाद मिटून जातो. हे काम घरी जमण्यासारखे नसते. दुपारभर आपण सासूबाईंजवळ बसलात आणि मला रिक्षाने मिरजेला धाडलेत.

सतारमेकरांच्या कार्यशाळेत बसून मी ते काम पाहिले. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडवण्याची ही कला आत्मसात केली आणि पिढ्यानपिढ्या जपली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळाले. मानांकनाने भोपळ्यांचे आणि लाकडाचे भाव काही उतरत नाहीत, ही गोष्ट वेगळी. कारागिरांनी घोडी अगदी हलक्या हाताने घासली, तार छेडून ऐकली, पुन्हा घासली आणि शेवटी तारेखाली सुती दोरा केसभर मागेपुढे सरकवत राहिले. एका क्षणी नाद एकदम उमलला. मला घरी फोन करण्याची आठवणसुद्धा झाली नाही, आणि कित्येक महिन्यांत असे प्रथमच घडले.

सिस्टरबाई, रुग्णाची चौकशी सर्वांनी केली आणि त्या सर्वांची मी ऋणी आहे. पण रुग्णाची सेवा करणारीलाही काही आवडते, ते दुरुस्तीला टाकावे लागते आणि त्यासाठी दुपार लागते, हा हिशेब फक्त आपण मांडलात. मी गाणे सोडले असेच नातेवाइकांनी गृहीत धरले होते. खरे सांगायचे तर त्यांना त्यात थोडे कौतुकही वाटत होते. मला ते कौतुक नको होते. आता सासूबाईंची संध्याकाळची कूस बदलली की मी त्यांच्या पायथ्याशी बसून खर्ज लावते. त्यांना शब्द नीट उच्चारता येत नाहीत, पण पंचमाची तार उतरली असेल तर त्या भुवया उंचावून तसे दाखवतात, आणि बहुधा त्यांचेच बरोबर असते.

आपल्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची तारीख ठरली असून आपण ती कोणालाही सांगितलेली नाही, हे मला औषधाच्या दुकानात कळले. डोळ्यांत थेंब घालण्यासाठी कोणी कधी यायचे, याचा तक्ता मी आखला आहे आणि सकाळची पाळी माझी आहे. आपण चहा ठेवायचा नाही.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
वरच्या मजल्यावरची शेजारीण
सांगली